जुन्या जपानी द्विनेत्री दुर्बिणींचे संकलन व जतन : नागपूरच्या हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

विदर्भातील अनेक जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र व भूगोल विभागांच्या कपाटांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये तयार झालेल्या द्विनेत्री दुर्बिणी आढळतात. बुरशी, धूसरता अथवा 'दोन-दोन दिसते' या तक्रारीवरून त्यांची गणना निकामी वस्तूंत केली जाते. प्रस्तुत लेखात या दुर्बिणींची रचना, त्यांमागील जपानी उद्योगाचा इतिहास, त्यांवरील खुणांचा अर्थ, नागपूरच्या हवामानाचा त्यांवर होणारा परिणाम आणि त्यांची तपासणी, स्वच्छता व साठवण यांचे विवेचन केले आहे. निकामी ठरविलेल्या दुर्बिणींपैकी काही खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात. मात्र निर्लेखनापूर्वी साधी तपासणी केल्यास उपयोगात आणण्याजोगी उपकरणे भंगारात जाण्यापासून वाचू शकतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : द्विनेत्री दुर्बीण, पोरो लोलक, भिंगावरील बुरशी, अक्षसमांतरता, उपकरणांचे जतन, नागपूर.

१. प्रस्तावना

दुर्बीण हे पक्षिनिरीक्षकाचे व हौशी आकाशनिरीक्षकाचे पहिले साधन होय. नागपूर परिसरात या साधनाच्या उपयोगाला वाव मोठा आहे. अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा हे तलाव शहराच्या हद्दीतच अथवा लगत आहेत. सेमिनरी हिलची वनराई शहराच्या मध्यावर आहे. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित झालेला नवेगावबांधचा जलाशय एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर आहे. गोंदिया जिल्ह्यात सारस क्रौंचांची गणना स्वयंसेवकांच्या साहाय्याने केली जाते. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही विद्यार्थी सहभागी होऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे काळोख्या आकाशाखाली निरीक्षणाची संधीही नागपूरकरांना जवळच उपलब्ध झाली आहे.

या सर्व उपक्रमांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी आणि दुर्बिणींची संख्या अल्प, असे चित्र नेहमी दिसते. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या गटास दोन दुर्बिणी असतील, तर पक्षी उडून जाईपर्यंत दुर्बीण शेवटच्या विद्यार्थ्याच्या हाती येतच नाही. दुसरीकडे त्याच महाविद्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चार-सहा दुर्बिणींची नोंद असते आणि त्यांपुढे 'नादुरुस्त' असा शेरा असतो. या दोन वस्तुस्थितींमधील अंतर कमी करणे शक्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

जुन्या दुर्बिणींचे संकलन हा केवळ श्रीमंतांचा छंद आहे, असा एक समज आढळतो. दुर्मीळ सैनिकी दुर्बिणींच्या बाबतीत तो काही अंशी खरा असला, तरी १९५० ते १९८० या काळातील सामान्य जपानी दुर्बिणी मोठ्या संख्येने तयार झाल्या होत्या आणि त्यांचे मोल दुर्मीळतेत नसून उपयोगितेत आहे. त्यांची रचना उघडून दुरुस्त करता येण्याजोगी आहे. म्हणूनच त्या अध्यापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या ठरतात.

२. दुर्बिणीची रचना व तीवरील आकडे

या दुर्बिणींचे मूळ इटालियन संशोधक इग्नात्सियो पोरो यांच्या रचनेत आहे. त्यांनी १८५४ मध्ये दोन काटकोनी लोलकांच्या साहाय्याने उलटी प्रतिमा सुलटी करण्याच्या योजनेचे एकस्व घेतले. काचेच्या गुणवत्तेअभावी ही योजना चाळीस वर्षे व्यवहारात फारशी उतरली नाही. एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकयुक्त द्विनेत्री दुर्बीण बाजारात आणली आणि पुढील शंभर वर्षांचा साचा निश्चित झाला. वस्तुभिंगे एकमेकांपासून दूर आणि नेत्रिका जवळ, अशी जी खांदेदार आकृती डोळ्यांसमोर येते ती पोरो लोलकांमुळेच होय.

प्रत्येक नळीत प्रकाश प्रथम वस्तुभिंगातून जातो. हे भिंग दोन काचा चिकटवून तयार केलेले असते. त्यानंतर दोन लोलकांत मिळून चार वेळा पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश नेत्रिकेत येतो. लोलकाच्या परावर्तक पृष्ठांवर पाऱ्याचा अथवा चांदीचा लेप नसतो, कारण परावर्तन काच व हवा यांच्या सीमेवरच घडते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की या पृष्ठांवर बोटाचा ठसा, तेलाचा थर वा बुरशी आल्यास परावर्तनच अपुरे होते. दुरुस्ती करताना लोलक केवळ कडांना धरून उचलावा, या नियमाचे कारण येथे आहे.

दुर्बिणीवरील ८×३० वा ७×५० या आकड्यांपैकी पहिला विवर्धन दर्शवितो व दुसरा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा, म्हणजे निर्गम-बिंबाचा व्यास मिळतो. ८×३० मध्ये तो सुमारे ३.८ मिलिमीटर, ७×३५ व १०×५० मध्ये ५ मिलिमीटर आणि ७×५० मध्ये सुमारे ७.१ मिलिमीटर भरतो. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने तलावावरील निरीक्षणास ८×३० पुरेशी होते. रात्री तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, म्हणून आकाशनिरीक्षणास ७×५० उपयुक्त ठरते. वय वाढेल तशी ही क्षमता घटते. त्यामुळे तेच उपकरण विद्यार्थ्यास जितके तेजस्वी वाटते तितके प्राध्यापकास वाटेलच असे नाही.

जुन्या दुर्बिणींवर दृष्टिक्षेत्र बहुधा '१००० यार्डांवर इतके फूट' अशा प्रकारे कोरलेले असते. एक अंश म्हणजे १००० यार्डांवर सुमारे ५२.४ फूट, या हिशेबाने ३७२ फूट म्हणजे ७.१ अंश होतात. १९६० च्या दशकात जपानी उत्पादकांनी ७×३५ प्रकारात ११ अंशांपर्यंतच्या अतिविस्तृत दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणी तयार केल्या. त्यांच्या कडेची प्रतिमा मऊ असते, परंतु उडत्या थव्याचा माग घेताना हे विस्तृत क्षेत्र फार उपयोगी पडते. आजच्या बाजारात असे विस्तृत क्षेत्र सहसा आढळत नाही. संग्राहकांना या दुर्बिणींचे आकर्षण वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

भिंगावरील लेपाचे महत्त्व एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. लेपविरहित काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. साध्या पोरो दुर्बिणीच्या एका नळीत अशी किमान दहा पृष्ठे असतात. दहा पृष्ठांनंतर सुमारे ६६ टक्के प्रकाश उरतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकपदरी लेप असल्यास प्रत्येक पृष्ठावरील हानी सुमारे १.५ टक्क्यापर्यंत उतरते आणि सुमारे ८६ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. काही स्वस्त दुर्बिणींत केवळ बाहेरची पृष्ठे लेपयुक्त असत. भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहिल्यास लेपयुक्त पृष्ठावरील प्रतिबिंब निळसर, जांभळट अथवा पिवळसर तपकिरी दिसते आणि लेपविरहित पृष्ठावरील पांढरे दिसते. ही तपासणी विनासाधन करता येते.

३. जपानी दुर्बीण उद्योगाचा संक्षिप्त इतिहास

जपानमध्ये फुजी बंधूंच्या कारखान्याने १९११ मध्ये 'व्हिक्टर' ही लोलकयुक्त दुर्बीण तयार केली. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून येणारी प्रकाशीय काच बंद झाली आणि स्वदेशी उत्पादनाची निकड जपानी नौदलास तीव्रतेने जाणवली. या पार्श्वभूमीवर मित्सुबिशी समूहाच्या पाठबळाने जुलै १९१७ मध्ये निप्पॉन कोगाकु ही कंपनी स्थापन झाली. तीत पुढे फुजी यांचा उद्योगही विलीन झाला. तिची 'मिक्रॉन' ही छोटेखानी दुर्बीण १९२१ मधील होय. १९८८ मध्ये या कंपनीने निकॉन कॉर्पोरेशन हे नाव धारण केले. टोकियो कोगाकु ही कंपनी १९३२ ची. तिचे पुढचे नाव टॉपकॉन होय.

१९४५ मधील पराभवानंतर सैनिकी मागणी एकाएकी संपुष्टात आली. कुशल कारागीर, काच घासण्याची यंत्रे आणि रचनांचे ज्ञान मात्र शिल्लक होते. टोकियोच्या इताबाशी भागात व आसपास लहान लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या. एक कार्यशाळा सांगाडा ओते, दुसरी लोलक घासे, तिसरी नेत्रिका बनवी आणि चौथी जुळणी करी. या श्रमविभागामुळे एकाच रचनेची दुर्बीण अनेक वेगवेगळ्या नावांनी बाजारात आली. अमेरिकन आयातदार स्वतःचे नाव कोरून घेत. म्हणून दुर्बिणीवरील व्यापारी नावावरून तिचा प्रत्यक्ष निर्माता कळत नाही.

१९४७ ते १९५२ या काळातील निर्यातवस्तूंवर 'व्याप्त जपानमध्ये निर्मित' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे कोरलेली असत. अशी खूण कालनिश्चितीचा भक्कम पुरावा ठरते. पुढे निर्यातमालाची गुणवत्ता राखण्यासाठी तपासणीची पद्धत रूढ झाली आणि दुर्बीण तपासणी संस्थेच्या, म्हणजे 'जेटीआयआय'च्या सोनेरी लंबवर्तुळाकार चिठ्ठ्या दुर्बिणींवर दिसू लागल्या. 'स्वस्त जपानी माल' ही युद्धपूर्व प्रतिमा पुसण्याचा तो संघटित प्रयत्न होता. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा स्थिर विनिमयदर निर्यातीस अनुकूल होता. तो मोडल्यावर आणि विशेषतः १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला. परिणामी सामान्य दर्जाच्या दुर्बिणींचे उत्पादन हळूहळू कोरिया, हाँगकाँग व चीनकडे सरकले. साधारणतः १९५० ते १९८५ हा कालखंड संग्राहक मध्यवर्ती मानतात, त्याचे कारण हेच आहे.

भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ परिमाणात्मक निर्बंध होते. त्यांतील अखेरचे १ एप्रिल २००१ पासून उठविण्यात आले. तत्पूर्वी जपानी दुर्बीण सहजासहजी मिळणारी वस्तू नव्हती. ज्या काळात ती मिळविण्यासाठी खटपट करावी लागे, त्या काळातील खरेदी आज केवळ बुरशीमुळे भंगारात काढली जाणे, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

४. खुणांवरून ओळख

दुर्बिणीच्या बिजागरीच्या टोकाशी अथवा लोलकगृहाच्या झाकणावर 'जेबी' व 'जेई' या रोमन अक्षरांसह एखादा क्रमांक बारीक अक्षरांत उमटविलेला आढळतो. संग्राहकांमध्ये सामान्यतः जेबी ही खूण सांगाड्याच्या निर्मात्याची आणि जेई ही प्रकाशीय भाग बनविणाऱ्या वा जुळणी करणाऱ्या उद्योगाची मानली जाते. अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून वर्ष काढण्याची प्रथा काही उत्पादकांपुरती ग्राह्य आहे. ती सरसकट लावल्यास निष्कर्ष चुकू शकतो.

सांगाड्याचे दोन प्रकार ओळखणे दुरुस्तीच्या दृष्टीने आवश्यक आहे. झाइस पद्धतीत वस्तुभिंगाची नळी लोलकगृहात आट्यांनी बसविलेली असते. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे बॉश अँड लॉम्बच्या धर्तीवर, नळी व गृह एकसंध असतात आणि लोलक एका वेगळ्या पट्टीवर बसविलेले असतात. पहिल्या प्रकारात सांधे अधिक असल्याने ओलावा शिरण्याच्या वाटाही अधिक असतात.

लोलकाच्या काचेचा प्रकारही साध्या निरीक्षणाने कळतो. दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजेडाकडे पाहिले असता नेत्रिकेत दिसणारे निर्गम-बिंब पूर्ण वर्तुळाकार व सर्वत्र सारखे उजळ असेल, तर लोलक अधिक वक्रीभवनांकाच्या बेरियम क्राउन काचेचे असण्याची शक्यता असते. ते चौकोनी भासत असून त्याच्या कडा करड्या दिसत असतील, तर काच साध्या बोरोसिलिकेट क्राउन प्रकारची असते. दुसऱ्या प्रकारची दुर्बीण त्याज्य नव्हे. दिवसाच्या निरीक्षणात हा फरक फारसा जाणवत नाही.

५. नागपूरचे हवामान आणि दुर्बीण

नागपूरचे हवामान दुर्बिणीवर दोन विरुद्ध बाजूंनी आघात करते. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. मे २०१३ मध्ये ते ४७.९ अंशांपर्यंत पोहोचले होते. बंद लोखंडी कपाटात अथवा उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ते त्याहून बरेच अधिक असते. या उष्णतेने जुन्या ग्रीसमधील तेलकट अंश सुटा होतो, आट्यांवरून पसरतो व बाष्परूपाने भिंगांच्या आतील बाजूस जमतो. मागे उरलेले ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि केंद्रीकरणाचे चाक फिरेनासे होते. वस्तुभिंगाच्या दोन काचा जोडणारा कॅनडा बाल्समचा थरही उष्णतेने सुटू शकतो. अशा वेळी भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी कडी अथवा चंदेरी डाग दिसतो.

त्यानंतर जूनच्या मध्यापासून पावसाळा येतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास काचेवर बुरशी वाढू शकते. तिला आवश्यक असणारे अन्न धूळ, त्वचेचा तेलकट अंश व ग्रीसची वाफ यांतून मिळते. बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे अथवा बर्फाच्या फुलीसारखे दिसतात. आरंभी त्या काचेच्या पृष्ठावरच असतात. मात्र त्यांच्या चयापचयातून स्रवणारी आम्ले कालांतराने लेप व काच कोरतात. त्यानंतर बुरशी पुसली गेली तरी तिचा ठसा उरतो. म्हणूनच बुरशीच्या बाबतीत विलंब हाच खरा शत्रू होय.

या संदर्भात नागपुरातील एका स्थानिक घटकाकडे सहसा लक्ष जात नाही. तो घटक म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून वा गवताच्या पॅडमधून ओलसर हवा खोलीत सोडणारा कूलर एप्रिल ते जून चालतो. बाहेरची हवा अत्यंत कोरडी असताना खोलीतील हवा मात्र दमट असते. हवा खेळती नसेल, तर ती अधिकच दमट होते. म्हणजे ज्या काळात उपकरणे आपोआप कोरडी व्हावयाची, त्याच काळात त्यांना ओलावा पोहोचतो आणि लागलीच पावसाळा सुरू होतो. कूलर असलेल्या खोलीतील कपाटात दुर्बीण ठेवणे म्हणजे तिचा पावसाळा दोन महिने लांबविणे होय.

६. तपासणी

निर्लेखनाचा निर्णय घेण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी. तीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

(१) विजेरीची तपासणी : अंधाऱ्या खोलीत वस्तुभिंगाच्या बाजूने विजेरीचा झोत सोडून नेत्रिकेच्या बाजूने तिरपे पाहावे आणि नंतर उलट बाजूने पाहावे. धूळ कणरूपात, धूसरता दुधाळ थराच्या रूपात व बुरशी तंतुरूपात दिसते. विजेरीचा प्रकाश किरकोळ दोषही भयावह करून दाखवितो. त्यामुळे केवळ या तपासणीवरून निर्णय घेऊ नये.

(२) यांत्रिक तपासणी : बिजागरी सैल नसावी आणि दुर्बीण अर्धवट उघडून ठेवल्यास त्या स्थितीत राहावी. चाक फिरविताना नेत्रिकांचा पूल डोलत असल्यास एका डोळ्याचे केंद्रीकरण बिघडते.

(३) अक्षसमांतरतेची तपासणी : दोन्ही नळ्यांचे प्रकाशीय अक्ष परस्परांस समांतर असावे लागतात. इंग्रजीत यास कोलिमेशन म्हणतात. दूरच्या इमारतीचा कठडा किंवा विजेची आडवी तार पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर दूर न्यावी. दोन वर्तुळांतील तार एका पातळीत राहिली तर उभ्या दिशेचा दोष नाही असे समजावे. रात्री तेजस्वी ताऱ्यावर एक नेत्रिका मुद्दाम अस्पष्ट करावी. दुसऱ्या डोळ्याचा ठिपका त्या अस्पष्ट चकतीच्या मध्यभागी यावयास हवा.

मानवी डोळे आडव्या दिशेत आत वळून थोडाफार दोष सावरून घेतात, परंतु एक डोळा वर व एक खाली करण्याची त्यांची क्षमता अत्यल्प असते. म्हणून उभ्या दिशेतील लहानसा दोषही डोकेदुखीस कारण होतो. विद्यार्थी 'काही दिसत नाही' असे सांगून दुर्बीण परत करतो. अशा तक्रारीमागे बहुधा सरकलेला लोलक असतो व भिंगे निर्दोष असतात. दुर्बीण एकदा पडली की असे घडते. ती फुटलेली दिसत नाही, म्हणून पडल्याची नोंदही होत नाही.

ही तपासणी करताना कोणत्याही परिस्थितीत दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये. क्षणार्धात दृष्टीस कायमची इजा होऊ शकते.

७. स्वच्छता व दुरुस्ती

बाह्य भिंगे स्वच्छ करताना प्रथम रबरी फुग्याने धूळ उडवावी आणि मगच मऊ ब्रश फिरवावा. धुळीचा कण रुमालाखाली घासला गेल्यास लेपावर कायमचा ओरखडा उमटतो. त्यानंतर शुद्ध कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोल व ऊर्ध्वपातित पाणी यांच्या मिश्रणात किंचित ओला करून मध्यापासून कडेकडे फिरवावा आणि प्रत्येक फेरीस नवा बोळा घ्यावा. द्रव भिंगावर ओतू नये, कारण तो कडेने आत उतरून काचा जोडणाऱ्या थरापर्यंत पोहोचू शकतो. जुने लेप आजच्या लेपांपेक्षा मऊ असतात, म्हणून दाब अत्यल्प ठेवावा.

बुरशी आतील बाजूस असल्यास दुर्बीण उघडावी लागते. हे काम करताना पुढील पथ्ये पाळावीत.

एका वेळी एकच नळी उघडावी. दुसरी नळी संदर्भासाठी अबाधित राहते आणि डावे-उजवे भाग मिसळत नाहीत. लोलक काढण्यापूर्वी त्याची जागा व दिशा पेन्सिलीने खुणावावी. वस्तुभिंग विकेंद्री कड्यांत बसविलेले असल्यास कड्यांची परस्पर स्थिती सुईने रेघ ओढून नोंदविल्याशिवाय ती हलवू नये, कारण तीच अक्षसमांतरतेची जुळणी असते. मधली बिजागरी उघडू नये. पेचकस खाचेत नेमका बसणारा असावा आणि कडी फिरविण्यासाठी दोन टोकांचा पाना वापरावा. पकडीने काढलेली कडी पुन्हा सरळ बसत नाही.

लोलक व सुट्या काचांवरील बुरशीसाठी औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ३ टक्क्यांपर्यंत विरल करून वापरता येते. रसायनशास्त्र विभागाच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून आणि खेळत्या हवेत हे काम करावे. काही मिनिटांनंतर काच ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन अल्कोहोलने कोरडी करावी. चिकटविलेले वस्तुभिंग मात्र द्रवात बुडवू नये. त्याचे पृष्ठ बोळ्यानेच पुसावे. स्वच्छ झालेला लोलक परत बसविताना त्यावरील काळे पत्र्याचे आवरण परावर्तक पृष्ठास चिकटणार नाही, हे पाहावे.

घट्ट झालेले ग्रीस पांढऱ्या पेट्रोलने वा केरोसिनने धातूच्या भागांवरूनच काढावे. काच तत्पूर्वी बाजूला केलेली असावी. नव्या ग्रीसचा पातळ थर पुरेसा होतो. घट्ट चाकावर शिलाई मशीनचे तेल सोडण्याची सवय घातक आहे, कारण पातळ तेल आट्यांवरून सरपटत लोलकांपर्यंत जाते आणि पुढील उन्हाळ्यात धूसरता परत येते.

अक्षसमांतरतेचा दोष बहुतेक दुर्बिणींत लोलकगृहाच्या बाहेरून पोहोचणाऱ्या बारीक स्क्रूंनी अथवा विकेंद्री कड्यांनी सुधारता येतो. स्क्रू कातडी आवरणाच्या कडेखाली झाकलेले असतात. ते एका वेळी फेरीच्या अष्टमांशाहून अधिक फिरवू नयेत व प्रत्येक वेळी ताऱ्यावर वा दूरच्या तारेवर पडताळा घ्यावा. डोळ्यांतील एका विशिष्ट अंतरासाठी केलेली जुळणी ही 'सशर्त' जुळणी होय. बिजागरी उघड-मीट केल्यावर ती बिघडू शकते. अनेक विद्यार्थ्यांनी वापरावयाच्या दुर्बिणीत बिजागरीच्या सर्व स्थितींत टिकणारी जुळणी आवश्यक असते आणि ती अनुभवी तंत्रज्ञाकडूनच करून घेणे श्रेयस्कर.

काही दोषांपुढे थांबणेच योग्य ठरते. बुरशीने खोल कोरलेली काच, मोठा टवका उडालेला लोलक आणि बाल्सम सुटलेले वस्तुभिंग यांवर खर्च करणे सहसा व्यवहार्य नसते. अशा दुर्बिणीचे सुटे भाग त्याच रचनेच्या दुसऱ्या दुर्बिणीस उपयोगी पडतात आणि उर्वरित सांगाडा अध्यापनासाठी ठेवता येतो.

८. साठवण

दुर्बिणीचे मूळ चामडी घर संग्रहमूल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असले, तरी दुर्बीण त्यात ठेवू नये. चामडे ओलावा शोषून धरते आणि स्वतःही बुरशीचे अन्न बनते. घर वेगळे ठेवावे व दुर्बीण झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. आर्द्रता अतिशय कमी करणेही इष्ट नाही, कारण त्यामुळे कातडी आवरण आकसते. सिलिका जेलचा रंग पालटल्यावर ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमधील कोबाल्ट क्लोराइड आरोग्यास अपायकारक मानले जात असल्याने नारिंगी प्रकार निवडावा.

कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत कपड्यांपुरती ठीक आहे. उपकरणांच्या कपाटात मात्र त्यांची वाफ भिंगांवर थर धरते. बुरशी लागलेली दुर्बीण शेजारच्या दुर्बिणीस संसर्ग करते, या भीतीपोटी ती तातडीने फेकून देण्याचेही कारण नाही. बुरशीची बीजाणुके हवेत सर्वत्र असतातच आणि वाढ ठरते ती आर्द्रतेवर. या दृष्टीने सर्वात स्वस्त प्रतिबंधक उपाय वापर हाच होय. नियमित हाताळल्या जाणाऱ्या, प्रकाशात व खेळत्या हवेत येणाऱ्या दुर्बिणीस बुरशी क्वचितच लागते. कुलूपबंद कपाटात 'सुरक्षित' ठेवलेली दुर्बीणच बहुधा प्रथम नष्ट होते.

९. महाविद्यालयीन स्तरावर काही सूचना

(१) दरवर्षी मेच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यानंतर, सर्व दुर्बिणींची विजेरीने तपासणी करून नोंद ठेवावी.

(२) प्रत्येक दुर्बिणीचे स्वतंत्र नोंदपत्रक असावे. त्यात नाव, आकडे, अनुक्रमांक, जेबी व जेई खुणा, दोष, केलेली दुरुस्ती आणि ती कोणी केली याचा उल्लेख असावा. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील 'दुर्बीण, एक नग' ही नोंद उपकरणाची ओळख पटविण्यास अपुरी असते.

(३) निर्लेखन समितीपुढे दुर्बीण ठेवण्यापूर्वी भौतिकशास्त्र विभागाचा तपासणी अहवाल अनिवार्य करावा.

(४) प्रकाशशास्त्राच्या अध्यापनात या दुर्बिणींचा उपयोग करावा. पूर्ण आंतरिक परावर्तन, निर्गम-बिंब, लेपांतील व्यतिकरण व वर्णविपथन या संकल्पना एका उघडलेल्या दुर्बिणीत एकत्र दिसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर दिलेला भर लक्षात घेता दुर्बीण दुरुस्ती हा लघुप्रकल्पाचा उचित विषय ठरतो.

(५) ऐतिहासिक मूल्य असलेली, उदाहरणार्थ 'व्याप्त जपान' ही खूण असलेली दुर्बीण प्रात्यक्षिकासाठी उघडू नये. तिचे आवरण, रंग व कोरीव अक्षरे मूळ स्थितीत राखावीत. संग्रहाची दुर्बीण व वापराची दुर्बीण हा भेद नोंदवहीतच करावा.

१०. समारोप

जुन्या जपानी दुर्बिणींचा गौरव करताना त्यांच्या मर्यादाही मान्य करावयास हव्यात. त्या जलरोधक नाहीत, त्यांचे लेप बहुधा एकपदरी आहेत आणि चष्मा लावणाऱ्यास त्यांचे संपूर्ण दृष्टिक्षेत्र दिसत नाही. उत्तम आधुनिक दुर्बिणीशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु महाविद्यालयापुढील पर्याय बहुधा जुनी दुर्बीण की उत्तम आधुनिक दुर्बीण असा नसतो. जुनी दुर्बीण की काहीच नाही, असा तो असतो.

इताबाशीतील कारागिरांनी ही उपकरणे स्क्रू, कडी व आटे यांनी जोडली. त्यामुळे ती उघडता येतात व पुन्हा जुळविता येतात. गोंद व प्लास्टिकने कायमची बंद केलेल्या आजच्या स्वस्त उपकरणांत ही सोय नाही. या दुर्बिणींचे जतन करताना एक उपकरण वाचते, त्याबरोबरच उपकरण समजून घेण्याची वृत्तीही विद्यार्थ्यांत रुजते. नादुरुस्त म्हणून नोंदलेल्या चार दुर्बिणींपैकी दोन जरी पुन्हा अंबाझरीच्या काठावर पोहोचल्या, तरी पक्षी उडून जाण्यापूर्वी आणखी काही विद्यार्थ्यांना तो दिसेल. कपाटाची किल्ली हाती असणाऱ्या प्राध्यापकांनी एका विजेरीनिशी या कामास आरंभ करावा.